शिट्टीत दडलेलं लंबवर्तुळ

एम-वन, एम-टू, एम-थ्री. इंजिनिअरिंग केलेल्या कुणापुढेही ही तीन नावं घ्या, चेहरा पडतो. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल, पार्शल डेरिव्हेटिव्ह... पेपर झाला की पुस्तकं ज्युनिअरला नाहीतर रद्दीवाल्याला, आणि पुढे नोकरीत डेटाबेसमधून डेटा काढायचा नि स्क्रीनवर दाखवायचा. या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न परीक्षेच्या गडबडीत विचारायचा राहूनच जातो. या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात छान उत्तर एका खऱ्या गोष्टीत आहे. गोष्ट १९५७ची. दोन माणसांची आणि एका शिट्टीची.

४ ऑक्टोबर १९५७, शुक्रवार. सोव्हिएत युनियनने स्पुटनिक सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा चकचकीत गोळा, वजन ८३.६ किलो, बाहेर चार लांब अँटेना आणि आत बॅटरीवर चालणारे रेडिओ ट्रान्समीटर. बस्स. त्यात ना कॅमेरा होता, ना कुठली भारी यंत्रसामग्री. तो आपला बीप-बीप करत पृथ्वीभोवती फिरत होता. अमेरिकेत मात्र खळबळ उडाली. आपल्या डोक्यावरून रशियाची एक वस्तू दिवसातून अनेक वेळा जाते आणि ती नक्की कुठून जाते हे धड सांगता येत नाही! अमेरिकेने स्वतःच्या उपग्रहासाठी 'मिनिट्रॅक' नावाचं केंद्रांचं जाळं उभारलं होतं खरं, पण ते १०८ मेगाहर्ट्झवर ऐकायला बनवलेलं. स्पुटनिक बोलत होता २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे पाहुण्यासाठी पुढचं दार सजवून ठेवावं आणि त्याने मागच्या दाराने यावं, तशातली गत.

वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरी आहे. तिथे विल्यम गायर आणि जॉर्ज वायफनबाख नावाचे दोन भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये विषय अर्थातच स्पुटनिकचा. बोलता बोलता लक्षात आलं की इतक्या मोठ्या प्रयोगशाळेत त्याचा सिग्नल ऐकायचा प्रयत्न कुणीच केलेला दिसत नाही. वायफनबाखकडे २० मेगाहर्ट्झचा चांगला रिसीव्हर होता. अँटेना म्हणून तारेचा तुकडा लावला आणि दोघं ऐकत बसले. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. कुठल्या प्रोजेक्ट प्लॅनमध्येही नव्हतं. निव्वळ खाज.

आता खरी गंमत. डब्ल्यूडब्ल्यूव्ही नावाचं सरकारी वेळ सांगणारं रेडिओ केंद्र तेव्हा मेरीलँडमध्येच होतं, आणि ते अगदी काटेकोर २० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करायचं. स्पुटनिकची लहर आणि ही पक्की लहर एकत्र केली की दोन्हींच्या फ्रीक्वेन्सीमधला फरक कानाला ऐकू येणारा सूर म्हणून बाहेर पडतो. तो सूर त्यांनी टेपवर घेतला, सोबत डब्ल्यूडब्ल्यूव्हीच्या वेळेच्या खुणाही. ऐकताना लक्षात आलं की सूर स्थिर नाही. उपग्रह क्षितिजावर येतो तेव्हा तो चढा असतो आणि जाईपर्यंत उतरत जातो.

हा डॉपलर परिणाम. न थांबणारी एक्सप्रेस हॉर्न वाजवत प्लॅटफॉर्मवरून धडधडत जाते, तेव्हा हॉर्नचा आवाज समोरून जाताजाता कसा 'पीऽऽ'चा 'पोंऽऽ' होतो, तेच. स्पुटनिकच्या बाबतीत बदल किती? उपग्रहाचा वेग सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर, रेडिओलहरीचा तीन लाख किलोमीटर. भागाकार करून २० मेगाहर्ट्झने गुणा, उत्तर सुमारे ५०० हर्ट्झ. म्हणजे येताना जवळपास ५०० हर्ट्झ वर, जाताना तेवढाच खाली. कानालासुद्धा सहज कळेल असा फरक.

इतपत फिजिक्स अकरावी-बारावीत असतं. गायर आणि वायफनबाख यांनी पुढे जे केलं ते एम-वनचं आहे.

वेळ आडव्या अक्षावर आणि सूर उभ्या अक्षावर घेतला की एक आडवा ताणलेला 'एस' दिसतो. सुरुवातीला सपाट, मध्ये उतार, शेवटी परत सपाट. डॉपलरने जे मोजलं जातं ते उपग्रहाचं आपल्यापासूनचं अंतर नव्हे. मोजला जातो त्या अंतराचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे अंतर दर सेकंदाला किती बदलतंय ते. उपग्रह सगळ्यात जवळ असतो त्या क्षणी अंतर किमान असतं. किमान म्हणजे डेरिव्हेटिव्ह शून्य. म्हणजेच त्या क्षणी सुरात डॉपलरची भेसळ नसते, ट्रान्समीटरची खरी फ्रीक्वेन्सी ऐकू येते. पण ती खरी फ्रीक्वेन्सी तर रशियालाच ठाऊक! मग तो क्षण ओळखायचा कसा? उतार जिथे सगळ्यात तीव्र तिथे. अंतराचा दुसरा डेरिव्हेटिव्ह तिथे सगळ्यात मोठा असतो. एकाच बिंदूवरून दोन गोष्टी हाती लागल्या, उपग्रह सगळ्यात जवळ कधी आला आणि त्याची मूळ फ्रीक्वेन्सी किती.

आणि तो उतार किती तीव्र आहे? उपग्रह थोडा वेळ सरळ रेषेत जातोय असं धरा. पायथागोरसने अंतर लिहा, दोनदा डिफरन्शिएट करा, आणि उत्तर येतं वेगाचा वर्ग भागिले किमान अंतर. आकडे घालून बघू. वेग सेकंदाला ७.८ किलोमीटर, किमान अंतर ५०० किलोमीटर, तर सूर सेकंदाला सुमारे ८ हर्ट्झने घसरतो. तोच उपग्रह १००० किलोमीटरवरून गेला तर फक्त ४ हर्ट्झने. झटकन उतरला तर जवळून गेला, रेंगाळत उतरला तर लांबून. वेग कळतो 'एस'च्या दोन टोकांमधल्या फरकावरून. ना दुर्बीण, ना रडार, एका शिट्टीवरून तुम्ही सांगताय की एक गोळा इतक्या वाजून इतक्या सेकंदांनी इतक्या लांबून गेला.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण 'या क्षणीची गती' ही कल्पना आपल्याकडेही फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त तात्कालिक गतीचा विचार मांडला. ग्रहाची आजची जागा आणि उद्याची जागा यांची वजाबाकी केली की दिवसाची ढोबळ गती मिळते. पण चंद्र इतका भराभर गती बदलतो की ती ढोबळ गती वापरून तिथी कधी संपते हे काढलं तर गणित चुकतं. तिथे त्या क्षणाचीच गती पाहिजे. आणि ग्रहाच्या मध्यम नि स्पष्ट स्थानातला फरक जिथे सगळ्यात मोठा होतो, तिथे त्या फरकाची गती शून्य होते, हेही त्यांनी ओळखलं होतं. कमाल-किमान जिथे, तिथे बदलाचा वेग शून्य. शिट्टीतला मधला बिंदू शोधताना वापरलं ते हेच. याला आजच्या अर्थाने कॅल्क्युलस म्हणता येणार नाही, त्यासाठी लागणारी सर्वसाधारण पद्धत सतराव्या शतकात न्यूटन आणि लाइब्निट्झ यांनी उभी केली. पण चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आजही आहे. कधी पाटणादेवीला गेलात तर हेही आठवा.

असो. परत मेरीलँडला.

सरळ रेषेचं गणित पहिल्या अंदाजाला ठीक आहे, पण उपग्रह काही सरळ रेषेत जात नाही. बरं, मग वर्तुळ धरू? तेही पुरत नाही. स्पुटनिक पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असताना जमिनीपासून सुमारे २१५ किलोमीटर उंचीवर असायचा आणि सगळ्यात लांब असताना सुमारे ९४० किलोमीटरवर. म्हणजे कक्षा लंबवर्तुळाकार, आणि पृथ्वीचं केंद्र त्या लंबवर्तुळाच्या मध्यावर नाही तर एका नाभीवर. केप्लरने १६०९ मध्ये मंगळासाठी हेच सांगितलं होतं, आणि सोबत दुसरा नियमही दिला होता की ग्रहाला सूर्याशी जोडणारी रेषा सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ झाडून काढते. न्यूटनने १६८७ मध्ये दाखवलं की अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढणारं बल घेतलं की हे सगळं आपोआप बाहेर पडतं. मग तो मंगळ असो, चंद्र असो की ८३ किलोचा गोळा.

स्पुटनिकला हे लावून बघा. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली तर केंद्रापासूनची अंतरं ६५८६ आणि ७३११ किलोमीटर. जवळच्या बिंदूवर वेग येतो सेकंदाला सुमारे ७.९८ किलोमीटर, लांबच्या बिंदूवर ७.१९. एक फेरी सुमारे ९६ मिनिटांची. लंबवर्तुळ किती चपटं आहे ते सांगणारा आकडा, म्हणजे एक्सेंट्रिसिटी, जेमतेम ०.०५२. कागदावर ही कक्षा काढली तर कुणीही म्हणेल वर्तुळच आहे.

मग एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. जवळच्या बिंदूपासून निघून पाव फेरीचा वेळ झाला, म्हणजे २४ मिनिटं. वर्तुळ असतं तर उपग्रह बरोबर ९० अंश गेला असता. खरा स्पुटनिक तोवर जवळपास ९६ अंश गेलेला असतो, कारण जवळच्या भागात तो जोरात पळतो. सहा अंश म्हणजे सुमारे ७०० किलोमीटर! मुंबईत वाट बघायची आणि पाहुणा हैदराबादच्याही पुढे पोचलेला.

हे ९६ अंश काढायचे कसे, इथे इतिहासातलं एक जुनं दुखणं आहे. 'उपग्रह अमुक कोनावर असेल तर किती वेळ झाला?' हा प्रश्न सोपा आहे, सूत्रात आकडे घातले की उत्तर. 'इतका वेळ झाला, तर उपग्रह आत्ता कुठे आहे?' हा उलटा प्रश्न मात्र सुटत नाही. केप्लरच्या समीकरणात एक मदतनीस कोन असतो, त्याला आपण 'इ' म्हणू. समीकरण असं: वेळेचा कोन = इ वजा (एक्सेंट्रिसिटी गुणिले इ चा साइन). आता यातून 'इ' एकटा बाहेर काढून दाखवा. नाही निघत. तो एकदा उघडा आहे आणि एकदा साइनच्या पोटात आहे. केप्लरने स्वतः हात टेकले आणि भूमितीवाल्यांना आवाहन केलं की कुणाला जमत असेल तर बघा. न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त असा युक्तिवाद मांडला की याला नेहमीच्या बीजगणिताचं बंदिस्त सूत्र असूच शकत नाही, आणि मग शांतपणे एक-एक पायरी उत्तराजवळ जाण्याची रीत दिली.

प्रोग्रॅमर मंडळींनी ओळखलं असेलच. हा लूप आहे. वेळेचा कोन ९० अंश. 'इ' सुद्धा ९० आहे असं समजा. ९० चा साइन १, त्याला ०.०५२ ने गुणा, अंशांत आणा आणि ९० मध्ये मिळवा, ९२.९७९ मिळतात. तेच परत आत घाला, ९२.९७५. परत घाला, तिसऱ्या दशांशापर्यंत काही बदलत नाही. ब्रेक. या मदतनीस कोनावरून एका साध्या सूत्राने खरा कोन येतो जवळपास ९६ अंश. भारतीय ज्योतिषगणितात अशा फेऱ्यांना 'असकृत्' पद्धत म्हणत, म्हणजे एकदा करून न थांबता पुन्हा पुन्हा करायची. नाव किती नेमकं आहे बघा.

आता गायर आणि वायफनबाख यांचं काम या पायरीवर आलं. लंबवर्तुळाकार कक्षा पूर्ण सांगायला सहा आकडे लागतात. आकार किती मोठा, किती चपटा, पातळी किती कललेली, ती पातळी कुठल्या दिशेला, लंबवर्तुळाचं तोंड कुठे, आणि एका ठरावीक क्षणी उपग्रह कुठे. त्यात ट्रान्समीटरची खरी फ्रीक्वेन्सी अज्ञात. शिवाय आयनोस्फिअरमुळे लहर वाकते, त्याचीही दुरुस्ती. आणि हातात काय, तर टेपवरून काढलेला एक वाकडा 'एस'.

त्यांनी प्रश्नच उलटा केला. सहा आकडे अंदाजाने धरा. त्यावरून केप्लरचं समीकरण सोडवत उपग्रहाची जागा काढा, जागेवरून अंतर, अंतरावरून डेरिव्हेटिव्ह, आणि त्यावरून सूर कसा ऐकू यायला हवा ते काढा. मग हा कागदावरचा 'एस' आणि टेपवरचा 'एस' एकमेकांवर ठेवा. फरक राहणारच. आता विचारायचं की पहिला आकडा चिमूटभर बदलला तर हा फरक किती बदलेल? दुसरा बदलला तर? हे झाले पार्शल डेरिव्हेटिव्ह. त्यांच्या जोरावर सगळे आकडे थोडे सुधारायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. फरकांच्या वर्गांची बेरीज जितकी लहान करता येईल तितकी होईपर्यंत. गाउसच्या काळापासून चालत आलेली ही लीस्ट स्क्वेअर्सची रीत. लॅबोरेटरीत युनिव्हॅक ११०३ए हा कॉम्प्युटर आलेला होता, त्याच्यावर हे गणित चालवलं. निष्कर्ष असा निघाला की उपग्रह एकदा आकाशातून जाताना ऐकलेल्या एकाच 'एस'मधून अख्खी कक्षा काढता येते. १९५८ मध्ये त्यांनी हे 'नेचर'मध्ये छापलं.

एकाच फेरीत सगळं कसं कळतं? कारण तो 'एस' तंतोतंत सममित नसतो. कक्षेची वक्रता, उपग्रहाचा कमी-जास्त होणारा वेग, खालून फिरणारी पृथ्वी, हे सगळं त्याला किंचित वेडावाकडा करतं. कानाला हे कळणार नाही. गणिताला कळतं.

इथेच गोष्ट संपली असती तरी चांगली होती. पण मार्च १९५८ मध्ये लॅबोरेटरीच्या संशोधन विभागाचे प्रमुख फ्रँक मॅक्लूर यांनी दोघांना बोलावलं. आपण जमिनीवर कुठे आहोत हे माहीत असताना तुम्ही उपग्रह कुठे आहे ते काढता. समजा उपग्रहाची कक्षा आधीच माहीत आहे. मग ऐकणारा कुठे उभा आहे ते काढता येईल का? दोघांनी गणित उलटं फिरवून पाहिलं. येत होतं, आणि अपेक्षेपेक्षा बरंच अचूक येत होतं. नीट विचार केला तर हे सोपंच आहे. सहा अज्ञात आकड्यांऐवजी आता दोनच उरले, अक्षांश आणि रेखांश.

मॅक्लूर यांना हा प्रश्न उगाच पडला नव्हता. अमेरिकन नौदल तेव्हा पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या तयार करत होतं. अणुबाँब डागायचा तर आधी पाणबुडीला समुद्रात स्वतःची जागा माहीत हवी. म्हणजे कँटीनमधल्या कुतूहलातून निघालेलं गणित सहा महिन्यांच्या आत अणुयुद्धाच्या तयारीत जाऊन बसलं. मला या गोष्टीचा हा भाग सुखाने वाचता येत नाही, पण तो गाळून गोष्ट सांगणं खोटेपणाचं होईल. पैसा तिथूनच आला, घाईही तिथूनच.

या कल्पनेतून 'ट्रान्झिट' ही यंत्रणा उभी राहिली. सप्टेंबर १९५९ मधला पहिला उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. एप्रिल १९६० मधला दुसरा पोचला. १९६४ मध्ये नौदल ती वापरू लागलं, १९६७ मध्ये ती नागरी जहाजांना खुली झाली, आणि १९९६ च्या अखेरीस दिशादर्शनातून निवृत्त झाली. कारण तोवर जीपीएस आलं होतं.

जीपीएसची रीत वेगळी आहे. तिथे जागा काढायला मुख्यतः सिग्नल पोचायला लागलेला वेळ मोजतात. पण ऐकणाऱ्याने आपली जागा काढायची तर आधी उपग्रह या क्षणी कुठे आहे ते कळायला हवं, ही अट तीच राहते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात, त्यांच्या कक्षा जवळजवळ वर्तुळाकार. 'जवळजवळ' म्हणजे काय होतं ते वर पाहिलंच. म्हणून प्रत्येक उपग्रह आपल्या लंबवर्तुळाची माहिती सतत प्रक्षेपित करतो. कक्षेचा आकार, एक्सेंट्रिसिटी, वेळेचा कोन, आणि वर बारीकसारीक दुरुस्त्या. त्यावरून उपग्रहाची आत्ताची जागा काढायची जबाबदारी रिसीव्हरची. आणि त्यासाठी रिसीव्हरला काय सोडवावं लागतं? केप्लरचं समीकरण. कसं? बंदिस्त सूत्र आजही नाही. अंदाज घ्या, आत घाला, परत घाला, थांबा.

म्हणजे रात्री टॅक्सी बोलावून आपण नकाशावरचा निळा ठिपका बघत उभे असतो, तेव्हा खिशातल्या फोनमध्ये १६०९ चं समीकरण न्यूटनला ठाऊक असलेल्या रीतीने सुटत असतं, सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात.

या सगळ्यात मला एक गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. गायर आणि वायफनबाख यांना स्पुटनिक कुठे आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, सांगणारं कुणी नव्हतंही. त्यांच्या हाती होता फक्त बदल, सुराचा दर सेकंदाचा चढउतार. वस्तू न बघता तिच्या बदलावरून ती वस्तू कुठे आहे हे ओळखता येतं, आणि ते नुसत्या अंदाजाने नाही तर आकड्यांत, हे कॅल्क्युलसचं खरं देणं. एम-वनच्या पहिल्या पानावर एवढं एकच वाक्य छापलं असतं तरी पुरलं असतं.

कुणी घरी सध्या त्या पुस्तकाशी झुंजत असेल तर त्याला केप्लरच्या समीकरणाचा पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहायला सांगा. एक्सेंट्रिसिटी ०.०५२ घाला, मग ०.५, मग ०.९, आणि लूपच्या फेऱ्या मोजा. लंबवर्तुळ जितकं चपटं, तितक्या फेऱ्या वाढतात. का वाढतात, हे शोधता शोधता डेरिव्हेटिव्ह पुन्हा भेटेल.